उमेदवार: एक तीनचाकी बाबागाडी

सहा आठवड्यांत परीक्षकांनी सात बाबागाड्या नापास केल्या होत्या आणि त्यांची बायको आता हात टेकायच्या बेतात होती.

परीक्षक म्हणजे वाहन परवान्याचे परीक्षक. गाडी शिकलेला माणूस त्यांच्यापुढे येई, ते शेजारच्या सीटवर बसत, मांडीवर फॉर्म ठेवत, हातात लाल पेन घेत आणि "चला" म्हणत. त्यानंतर अर्धा तास हूं की चूं नाही, नुसतं पेन चालायचं. बावीस वर्षं हेच करून त्यांचा चेहरा असा काही मख्ख झाला होता की समोरच्याला आपण पास झालो की नापास हे तर सोडाच, आपण अजून जिवंत आहोत का हेसुद्धा त्यावरून कळत नसे. शहरातले निम्मे ड्रायव्हर त्यांना 'लाल पेन' म्हणत. उरलेले निम्मे काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांची बायको सिटी बस चालवायची. तिच्या पहिल्यावहिल्या परवान्याची चाचणी त्यांनीच घेतली होती. पहिल्यांदा तिने हँडब्रेक न काढताच गाडी पुढे काढायला बघितली, म्हणून नापास. दुसऱ्यांदा वळताना आरशात बघितलं नाही, म्हणून नापास. तिसऱ्यांदा पास झाली आणि निकालाचा कागद हातात घेता घेता तिने त्यांना चहाला बोलावलं. 'आधी पास, मग चहा' हा क्रम परीक्षक अजूनही सगळ्यांना आवर्जून सांगत, कारण ऑफिसातल्या काही मंडळींना त्या क्रमाबद्दल शंका होती. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती त्यांना साहेबच म्हणायची आणि अहो-जाहोच करायची. फक्त रागावली की 'तू'वर यायची, आणि ती 'तू'वर आली की परीक्षकांच्या तोंडचं पाणी पळायचं.

दहा महिन्यांपूर्वी त्यांना मुलगी झाली. कागदोपत्री तिला चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण घरात सगळे तिला बाईसाहेब म्हणत. चेहरा हुबेहूब बापाचा. पाळण्यात पडल्या पडल्या ती समोरच्याकडे अशी टक लावून बघायची की घरी आलेले पाहुणे उगाचच शर्टाची बटणं तपासायचे.

बायकोची रजा संपत आली होती. सोमवारपासून तिची सकाळची पाळी, म्हणजे पाचला घराबाहेर. बाईसाहेबांना उठवणं, भरवणं, आवरणं आणि साडेसातला पाळणाघरात पोचवणं हे सगळं परीक्षकांकडे. घर ते पाळणाघर अंतर एक किलोमीटर एकशे चाळीस मीटर. रस्त्याचं काम करणाऱ्यांकडची ती चाक लावलेली काठी मागून आणून परीक्षकांनी ते स्वतः मोजलं होतं. वाटेत फुटपाथची कड नऊ वेळा उतरायची आणि चढायची, एक उतार, दोन ठिकाणी उखडलेल्या फरश्या आणि एक झेब्रा क्रॉसिंग.

चारचाकी घ्यायची की तीनचाकी, यातच पहिले दोन आठवडे गेले. चारचाकीची पुढची चाकं बशीएवढी, ती फरशीच्या फटीत अडकणार हे उघड होतं. तीनचाकीचं पुढचं चाक एकच, पण मोठं आणि हवा भरलेलं. कड आली की दांडी जराशी खाली दाबायची, चाक आपसूक वर उचललं जातं. मात्र तीच गाडी कडेवर तिरकी चढवली तर कलंडायची भीती. परीक्षकांनी आकृत्या काढल्या, बाण काढले, एकदा तर जेवणाच्या टेबलावर तीन वाट्या आणि एक ताट घेऊन कलंडण्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. आमटी सांडली. शेवटी तीनचाकीच ठरली.

मग एकेक गाडी नापास होऊ लागली. पहिलीचं पुढचं चाक वेगात थरथरत होतं. दुसरीचा ब्रेक लावताना खट्ट असा आवाज आला, झोपलेलं मूल जागं होईल. तिसरीत मुलाचं तोंड पुढे, म्हणजे ढकलणाऱ्याला ते दिसणारच नाही. चौथी लिफ्टच्या दारातून जायला दोन सेंटिमीटरने जाड निघाली. पाचवीला मागचं बघायला आरसा नव्हता. "बाबागाडीला आरसा कुठल्याच कंपनीचा नसतो," दुकानदार म्हणाला, तेव्हा परीक्षकांनी 'कुठल्याच कंपनीचा नसतो' असं शेऱ्यात लिहून घेतलं. सहावी तीन सेकंदांत मिटते असं पुस्तिकेत छापलं होतं, तिला अकरा लागले. आणि सातवी नापास झाली ती सेल्समनने गाडी मागे घेताना मान वळवून बघितलं नाही म्हणून.

"अहो, ती त्या माणसाची चूक," बायको म्हणाली. "त्यात गाडीचं काय चुकलं?"

"गाडी कोणाच्या हातात कशी वागते हाच तर मुद्दा आहे," परीक्षक म्हणाले, आणि घाईघाईने फॉर्मची घडी घालू लागले.

घाईला कारण होतं. मुलगी दवाखान्यातून घरी आली त्याच्या आठव्या दिवशी सकाळी परीक्षक तिला घेऊन खोलीतल्या खोलीत फिरत होते. बाथरूमच्या दारापाशी फरशी ओली होती आणि त्यांचा पाय सरकला. खांदा चौकटीवर आपटला, त्यामुळे तोल सावरला, पडले नाहीत. बाईसाहेब जाग्यासुद्धा झाल्या नाहीत. कोणी बघितलं नाही, कोणाला काही लागलं नाही. पण त्या दिवसापासून आजतागायत परीक्षक मुलीला उचलून एक पाऊलही चालले नव्हते. बसून घ्यायचे, तासन्तास मांडीवर खेळवायचे, पण उठायची वेळ आली की, "जरा घेतेस का हिला? माझं पेन कुठे दिसत नाहीये." बायकोला त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. सोमवारी सकाळी आपण एकटे, बाईसाहेब आणि एक किलोमीटर एकशे चाळीस मीटर रस्ता, या विचाराने त्यांची पाचावर धारण बसायची. बाबागाडी मिळाली की मग सबब उरणार नव्हती. गाड्या नापास व्हायचं खरं कारण हे होतं, आणि ते बत्तीस कलमांच्या फॉर्मवर कुठेच लिहायची सोय नव्हती.

शनिवारी सकाळी बायको 'तू'वर आली.

"हे बघ, आज घरात गाडी आली नाही तर सोमवारी मी पोरीला बसमध्ये घेऊन जाईन. मांडीवर बसवीन आणि स्टिअरिंग तिच्या हातात देईन."

"ते नियमात..."

"तू कर मला नापास."

चौथ्या दुकानात ते तिघं सव्वाअकराला पोचले. दुकान लांबट होतं, दोन्ही भिंतींना बाबागाड्या ओळीने उभ्या. मागच्या दाराबाहेर माल चढवायचा सिमेंटचा धक्का, त्याला एक उतार आणि त्याखाली अंगण. मालकीणबाई साठीच्या, ठेंगण्या पण दणकट, पायांत धावायचे बूट. परीक्षकांना बघून त्या क्षणभर थबकल्या आणि मग जास्तच गोड हसल्या.

"या साहेब. काय दाखवू?"

परीक्षकांनी पिशवीतून फॉर्म काढला, चार घडीचे केशरी शंकू काढले आणि शेवटी पिठाची एक गच्च भरलेली पिशवी काढली. तिचं वजन नऊ किलो दोनशे ग्रॅम, म्हणजे बरोब्बर बाईसाहेबांएवढं. पिशवीला झबलं घातलेलं होतं. ते बायकोने थट्टेने घातलं होतं, पण कपड्यावरून पट्टे कसे बसतात हेही कळायला हवं म्हणून परीक्षकांनी तसंच राहू दिलं होतं.

"ही कोण, धाकटी का?" मालकीणबाईंनी विचारलं.

बायको खो खो हसली आणि तिने घड्याळ बघितलं. लांब रजेवरून आलेल्या ड्रायव्हरला डेपोच्या माणसाला शेजारी उभं करून एक फेरी मारून दाखवावी लागे, आणि तिची वेळ बाराची होती. "मी निघते साहेब. एकपर्यंत गाडी आणि मुलगी, दोन्ही घरी." तिने बाईसाहेबांना पुढे केलं.

"इथे स्टूल आहे का हो?" परीक्षकांनी घाईघाईने विचारलं. स्टूल आलं, ते बसले, मगच त्यांनी मुलीला घेतलं. मालकीणबाईंनी हे बघितलं.

बायको गेली. मालकीणबाईंनी एक गडद हिरवी तीनचाकी ओढून आणली. पुढचं चाक चांगलं मोठं, सीट दोन्ही बाजूंना फिरणारी, म्हणजे मुलाचं तोंड आपल्याकडेही करता येईल. पिठाची पिशवी तिच्यात बसवली, पट्टे लावले. आता बाईसाहेबांना मांडीवरून कसं उठवायचं या विचारात परीक्षक होते, तेवढ्यात मालकीणबाईंनी न विचारता मुलगी उचलली, कडेवर घेतली आणि दुसऱ्या हाताने गाडी ढकलायला लागल्या.

"चला," परीक्षक सवयीने म्हणाले आणि फॉर्म घेऊन बाजूने चालू लागले.

बावीस वर्षांत त्यांनी अशी चाचणी बघितली नव्हती. शंकूंच्या मधून गाडी पाण्यासारखी गेली. धक्क्याच्या कडेशी मालकीणबाईंनी मनगट नुसतं दाबलं आणि पुढचं चाक वर. उतारावर थांबून पायाने ब्रेक लावला, आवाज नाही. मागे घेताना आधी डावीकडे, मग उजवीकडे मान वळवून बघितलं आणि वर म्हणाल्या, "आरसा नाही ना, म्हणून." कडेवर बाईसाहेब मख्ख चेहऱ्याने सगळं बघत होत्या. एकतीस कलमांपुढे परीक्षकांना बरोबरची खूण करावी लागली. बत्तिसाव्याशी येऊन ते बराच वेळ घुटमळले.

"हिरवा रंग," शेवटी ते म्हणाले, "झाडीत दिसणार नाही."

"पाळणाघराच्या वाटेत जंगल लागतं का?"

"नाही."

"साहेब, फॉर्मवर उमेदवाराचं नाव काय लिहिलंय?"

"तीनचाकी बाबागाडी. हिरवी."

"आणि चालवली कोणी?"

"तुम्ही."

"मग सोमवारी काय मी येऊ?"

परीक्षकांनी फॉर्मकडे बघितलं. सात गाड्या, चार दुकानं, दर वेळी कोणीतरी ढकलत होतं आणि ते बाजूने पेन घेऊन चालत होते. परीक्षकांच्या हातून दुसरं काही घडण्यासारखंच नव्हतं. घरच्या मोटारीतसुद्धा गेली कित्येक वर्षं ते शेजारच्याच सीटवर बसत आणि गाडी बायको चालवे. आठही गाड्यांपैकी एकीच्याही दांडीला त्यांनी हात लावला नव्हता.

"तुम्ही मला ओळखलं नाहीत," मालकीणबाई म्हणाल्या. "मी तुम्हाला दारातच ओळखलं. चार वेळा नापास केलंत मला."

"कशासाठी?" परीक्षकांना माणसं लक्षात राहत नसत, चुका राहत.

"दोनदा आरसा, एकदा सिग्नल, आणि एकदा तुम्हाला पेपरमिंटची गोळी देऊ केली म्हणून."

"ती गोळी तुम्ही होतात?"

"मीच. पाचव्यांदा आलेच नाही. दुकानासाठी छोटा टेम्पो घ्यायचा होता, तो राहिला. तेव्हापासून दुकानात विकली गेलेली प्रत्येक बाबागाडी मी स्वतः ढकलत गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन देते. नऊ वर्षं झाली. कुठली गाडी कुठल्या फुटपाथवर अडून बसते ते मला झोपेत विचारा. हे शिक्षण तुमच्यामुळे झालं, म्हणून म्हटलं आज फेड करावी. द्या तो फॉर्म इकडे. आणि धरा ही."

परीक्षकांनी फॉर्म दिला. लाल पेन सुटायला जरा वेळ लागला, पण तेही दिलं. मग दोन्ही हातांनी दांडी धरली. मालकीणबाईंनी बाईसाहेबांना दुसऱ्या कडेवर घेतलं, चेहरा मख्ख केला आणि म्हणाल्या, "चला."

पहिला शंकू चुकला नाही. दुसराही नाही. तिसऱ्याला चाक घासलं तेव्हा बाजूला पेनचा आवाज झाला आणि परीक्षकांच्या कपाळावर घाम आला. इतकी वर्षं लोक या आवाजाला का घाबरतात याचं त्यांना नवल वाटे. धक्क्याच्या उताराशी ते पोचले, थांबले आणि श्वास सोडून म्हणाले, "म्हणजे तसं जमतंय." बोलताना त्यांनी रुमालासाठी दांडीवरचे दोन्ही हात काढले.

गाडी निघाली. सावकाश, शांतपणे, अगदी सरळ रेषेत, कारण तिचं पुढचं चाक खरोखरच उत्तम होतं. उतार संपवून ती अंगणात रचून ठेवलेल्या बाळांच्या प्लॅस्टिकच्या टबांवर जाऊन आदळली. टब कोसळले. पिशवी पट्ट्यांतून निसटली, वरच्या बाजूने फाटली आणि पिठाचा ढग उठला. ढग खाली बसला तेव्हा टबांच्या ढिगात एक पांढरं झबलं दिसत होतं.

बाईसाहेबांनी आयुष्यात इतकी मजा कधी बघितली नव्हती. त्या टाळ्या पिटायला लागल्या.

परीक्षक मात्र हलले नाहीत. ते धक्क्यावरच मटकन खाली बसले. "ही असती तर," ते म्हणाले. "पिठाच्या जागी ही असती तर." आणि मग त्या परक्या बाईला त्यांनी सगळं सांगून टाकलं: ओली फरशी, चौकट, खांदा, हरवलेली पेनं. "मला भीती वाटते हो. माझ्या हातून तिला काही होईल म्हणून मला फार भीती वाटते."

मालकीणबाईंनी ऐकून घेतलं. "ही गोष्ट मी या दुकानात आठवड्याला एकदा ऐकते," त्या म्हणाल्या. "बाप सांगतात, आयाही सांगतात. माझा थोरला माझ्या डोळ्यांदेखत पलंगावरून दोनदा पडला. आता विमानं दुरुस्त करतो."

"पडल्यामुळे?"

"पडूनसुद्धा." त्यांनी फॉर्मवर काहीतरी खरडलं आणि कागद त्यांच्यापुढे धरला. 'उमेदवार'पुढची 'तीनचाकी बाबागाडी' खोडून 'साहेब' लिहिलं होतं, आणि खाली: 'थांबल्यावर ब्रेक लावला नाही. नापास. पुन्हा यावे.'

परीक्षकांनी शेरा वाचला. चुकीचा नव्हता. त्यांनी खाली सही केली.

मालकीणबाईंनी गाडी झटकली, पुसली, चाकं तपासली आणि तिच्यात बाईसाहेबांना बसवलं, तोंड बापाकडे. पट्टे मात्र परीक्षकांनाच लावायला लावले, तीनदा. दांडीला एक कापडी पट्टा होता, तो त्यांच्या मनगटात अडकवला. "आता हात सुटला तरी गाडी सुटायची नाही. मी काही सोबत येणार नाही. जा, एकपर्यंत घरी पोचायचंय ना."

घरापर्यंतचा रस्ता पाऊण किलोमीटरचा. परीक्षक असे चालले की काठी टेकत निघालेल्या एका आजोबांनी त्यांना मागे टाकलं, आणि जाताना वळून काळजीने बघितलं. फुटपाथची कड आली की परीक्षक थांबत, ब्रेक लावत, डावीकडे बघत, उजवीकडे बघत, ब्रेक काढत, दांडी दाबत. बाईसाहेब समोर बसून टक लावून बघत होत्या, हूं नाही की चूं नाही. आपण बावीस वर्षं लोकांशी काय केलं हे परीक्षकांना त्या चेहऱ्याकडे बघून पहिल्यांदा नीट कळलं.

झेब्रा क्रॉसिंगपाशी ते थांबले. दोन्ही बाजूंनी काही येत नव्हतं. तरी त्यांनी आणखी एकदा बघून घेतलं आणि गाडी रस्त्यावर उतरवली. अर्ध्यात पोचले तेवढ्यात वळणावरून एक सिटी बस आली आणि झेब्राच्या अलीकडे अगदी शिस्तीत उभी राहिली. स्टिअरिंगवर त्यांची बायको. दोन्ही हात चाकावर, जसे हवेत तसे. शेजारी डेपोचा माणूस कागद-पेन घेऊन उभा.

बाईसाहेबांनी काचेपलीकडे आईला ओळखलं. आनंदाने आरोळी ठोकली, पाय झाडले आणि उजव्या पायातला बूट काढून थेट बससमोर फेकला.

परीक्षक थांबले. त्यांनी पायाने ब्रेक लावला. हलवून बघितला, लागलेला होता. मनगटातला पट्टा सुटू न देता ते वाकले, हात लांब केला, अजून लांब केला आणि अखेर बुटाची नाडी बोटात आली. बूट बाईसाहेबांच्या पायात चढवला. मग ताठ उभे राहून त्यांनी दांडी धरली आणि ढकलली.

गाडी हलेना. त्यांनी जोर लावला. गाडी ढिम्म. बसमागे एक मोटार थांबली, तिच्यामागे दुसरी, आणि बसमधले सगळे प्रवासी खिडक्यांना नाक लावून बघू लागले. परीक्षकांनी खांदा लावून रेटलं. पुढचं चाक उचललं गेलं, पुन्हा खाली बसलं. चाकात काही अडकलं असेल म्हणून ते वाकून बघायला लागले.

बसची बाजूची काच खाली सरकली. बायकोने मान बाहेर काढली.

"साहेब!" ती सगळा रस्ता दणाणून ओरडली. "ब्रेक काढा, ब्रेक!"

परीक्षकांनी तिच्याकडे बघितलं, मग पायाकडे. ब्रेक काढला. गाडी लोण्यातून जावी तशी निघाली, आणि पलीकडच्या फुटपाथवर पोचेपर्यंत त्यांच्या कानांत बसमधल्या टाळ्या वाजत होत्या.

बायको घरी आली ती हसून हसून डोळे पुसतच. "तुमच्यापायी एक गुण गेला माझा," ती म्हणाली. "हॉर्नऐवजी तोंडाने ओरडणं कुठल्या कलमात बसतं ते डेपोच्या माणसाला कळेना, म्हणून एकच कापला."

परीक्षक हसले नाहीत. त्यांनी तिला समोर बसवलं आणि ओल्या फरशीपासून पिठापर्यंत सगळं सांगितलं, मान खाली घालून.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"पाय सरकला ते. चौकटीवर खांदा आपटल्याचा आवाज आला होता मला. दहा महिने तुम्ही पेन शोधताय, साहेब. आणि ते खिशाला लावलेलं असतं."

"मग बोलली का नाहीस?"

"चाचणी चालू असताना परीक्षकाने मधे बोलायचं नसतं. तुम्हीच शिकवलंत."

तिने त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलं, फॉर्म ओढला आणि मालकीणबाईंच्या शेऱ्याखाली लिहिलं: 'ब्रेक न काढता गाडी पुढे काढण्याचा प्रयत्न. नापास. पुढची चाचणी सोमवारी सकाळी सात.' मग कागद त्यांच्यापुढे सरकवला. "पहिल्यांदा तुम्ही मला याच्यासाठीच घरी पाठवलं होतंत. रात्रभर रडले होते मी. मला वाटलं होतं, हा माणूस नसून भिंत आहे."

"तिसऱ्यांदा पास केलं की."

"म्हणून तर सांगतेय. तिसरी बाकी आहे तुमची."

सोमवारी ती पाचला गेली. जाताना तिने कुठलीही सूचना दिली नाही, आणि परीक्षकांना त्याचीच जास्त धास्ती वाटली. सात वाजता बाईसाहेब आवरून, भरवून, दोन्ही बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारून गाडीत बसल्या होत्या. ढोपरावर थोडा भात होता, तो तसाच राहिला. परीक्षकांनी पट्टा मनगटात अडकवला, ब्रेक काढला आणि म्हणाले, "चला."

समोरच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. पहिली कड, दुसरी कड. उखडलेल्या फरश्यांवर मोठं चाक डुगडुगत गेलं आणि अडकलं नाही. झेब्रापाशी थांबल्यावर ब्रेक लावला, निघताना काढला. चौथ्या कडेपासून ते मोजायचं विसरले. उतारावर दांडी घट्ट धरून ते खाली आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण मघापासून कसलंतरी गाणं गुणगुणतोय, आणि शब्द सगळे चुकीचे आहेत. तेव्हाच त्यांनी समोर बघितलं. बाईसाहेबांची मान एका बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं होतं आणि त्या गाढ झोपल्या होत्या.

पाळणाघर चार पायऱ्या चढून वर होतं. दार उघडून तिथल्या बाई खाली यायला निघाल्या. "थांबा, मी घेते तिला."

"नको," परीक्षक म्हणाले. "मीच आणतो."

त्यांनी ब्रेक लावला. पट्टे सोडले, वाकले आणि मुलीला उचलून खांद्यावर घेतलं. पायरी ओली नव्हती, ते आधी बघून घेतलं. मग एक, दोन, तीन, चार. इतके दिवस आपण हे वजन मांडीवर घेऊन काय करत बसलो होतो असं त्यांना वाटलं.

"झोपल्या वाटतं बाईसाहेब?" बाईंनी विचारलं.

"निम्म्या रस्त्यातच," परीक्षक हलक्या आवाजात म्हणाले. मुलीला बाईंच्या हातात द्यायला ते आणखी जरासे थांबले. "बावीस वर्षं मी शेजारच्या सीटवर बसतोय. कोणाच्याही गाडीत माझा एकदासुद्धा डोळा लागला नाही."